गिअरबॉक्स गेला म्हणण्याआधी

घरी ऑइल बदललं, बॅटरी बसवली किंवा एअर फिल्टर साफ केला आणि त्यानंतर ऑटोमॅटिक गाडी धक्के मारायला लागली, की ओळखीपाळखीतून एकच निदान येतं: गिअरबॉक्स गेला. हे निदान महागडं आहे आणि बऱ्याचदा चुकीचंही. कालपर्यंत नीट चालणारा गिअरबॉक्स नेमका आपण बॉनेट उघडलं त्याच दिवशी झिजून संपावा, असं क्वचितच होतं. आपला हात जिथे लागला तिथे काहीतरी सुटलं, कमी पडलं किंवा जास्त झालं असण्याची शक्यता त्याहून कितीतरी मोठी. शोध तिथूनच सुरू करायला हवा.

‘मी फक्त इंजिन ऑइल बदललं, गिअरबॉक्सला हातही लावला नाही,’ असं माणूस मनापासून सांगतो. पण अमेरिकेत सुबारू वापरणाऱ्यांमध्ये एक चूक फार ओळखीची आहे. तिथल्या काही मॉडेल्समध्ये इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा ड्रेन प्लग गाडीच्या पोटाखाली जवळजवळ असतो. चुकीचा प्लग उघडला, की गिअरबॉक्स रिकामा होतो आणि वरून ओतलेलं नवं ऑइल इंजिनातल्या जुन्या ऑइलवर जाऊन बसतं. मग गाडी थोडं अंतर जाते, नंतर इंजिनाची रेस वाढते पण चाकं ओढत नाहीत. इंजिनाची डिपस्टिक वरच्या खुणेच्या बरंच वर भरलेली दिसली, तर हाच प्रकार झाला असं समजावं. निथळलेलं तेल टाकून दिलेलं नसेल तर तेही पाहावं. इंजिनाचं वापरलेलं ऑइल काळपट असतं, गिअरबॉक्सचं पातळ आणि अनेकदा लालसर. इंजिन लगेच बंद करावं. ‘हळूहळू गॅरेजपर्यंत नेऊ’ हा विचार इथे सर्वांत घातक ठरतो.

सर्वाधिक गोंधळ तेलाच्या पातळीबद्दल आहे. गिअरबॉक्सचं तेल इंजिन ऑइलसारखं सकाळी थंड गाडीत तपासायचं, हा समज बहुतेक गाड्यांना लागू नाही. एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, तापलं की फुगतं. थंड तेल डिपस्टिकवरच्या गरम तेलाच्या खुणेपर्यंत भरलं, की चालताना ते जास्त होतं. फिरत्या भागांनी ते घुसळलं जातं, त्यात फेस होतो आणि फेसातून दाब नीट तयार होत नाही. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि दाब तेव्हाही पडतो. म्हणजे दोन उलट चुकांची लक्षणं सारखीच: ‘डी’मध्ये टाकल्यावर गाडी उशिरा पकडते, गिअर घसरतो, बॉक्स तापतो. म्हणून घसरतंय असं वाटलं की ‘अजून अर्धा लिटर टाकून बघू’ हा उपाय नाही. आधी मोजायचं.

मोजायची रीतही प्रत्येक गाडीची वेगळी. टोयोटाच्या डिपस्टिकवाल्या गाड्यांत तेल गरम असताना, इंजिन चालू ठेवून, सगळे गिअर एकदा फिरवून ‘पी’मध्ये तपासतात. होंडाच्या अनेक गाड्यांत इंजिन बंद करून साधारण ६० ते ९० सेकंदांत. हल्लीच्या बऱ्याच गिअरबॉक्सना डिपस्टिकच नसते. ठराविक तापमानाला तपासणीचा प्लग उघडून जास्तीचं तेल वाहू द्यायचं असतं. फोक्सवॅगन गटाच्या ओल्या क्लचच्या सहा गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्समध्ये तापमानाची ही मर्यादा ३५ ते ४५ अंश सेल्सियस इतकी अरुंद आहे. तेलाचं तापमान दाखवणारा स्कॅनर आणि गाडी सपाट उचलण्याची सोय नसेल तर हे काम घरी करूच नये. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली तर कधीच शिरू नये.

‘लाल तेल म्हणजे एटीएफ, कुठलंही चालतं’ हेही खरं नाही. सीव्हीटी या प्रकारच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये पोलादी पट्टा आणि पुली यांची पकड तेलाच्या घर्षणगुणावर अवलंबून असते, म्हणून त्याला त्याचंच तेल लागतं. आपल्याकडे २०१४ च्या सेलेरिओपासून स्वस्त गाड्यांत आलेली एएमटी तर मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे. क्लच दाबणं आणि गिअर बदलणं एवढंच त्यात यंत्र करतं. तिथे एटीएफचा सल्ला निरर्थक ठरतो. रंगावर भिस्त न ठेवता मॅन्युअलमधलं तेलाचं नाव अक्षर न् अक्षर जुळवावं.

गिअरबॉक्सला न शिवता गिअर बिघडण्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. बॅटरी काढल्यावर अनेक गाड्यांच्या कंट्रोलरने शिकून ठेवलेली जुळवणी पुसली जाते. काही दिवस गिअर कडक पडतात आणि शांतपणे चालवल्यावर बहुधा सुधारतात. काहींना मात्र स्कॅनरने जुळवून द्यावं लागतं. एअर फिल्टर बदलताना हवेच्या सेन्सरचा कनेक्टर सैल राहिला, तर इंजिनावरच्या भाराचा अंदाज चुकतो आणि गिअर भलत्या वेळी पडतो. स्पार्क प्लग बदलल्यावर एखादी कॉइल नीट बसली नसेल तर येणारे झटकेही गिअरबॉक्सचेच वाटतात. मागच्या दिव्यांच्या वायरिंगमध्ये हात घातल्यावर गाडी ‘पी’मधून निघतच नसेल, तर आधी ब्रेक लाइट लागतात का पाहावं. ब्रेक दाबल्याची खूण मिळाली नाही, तर बऱ्याच गाड्या लिव्हर सोडत नाहीत. उडालेला असतो शंभरेक रुपयांचा फ्यूज, आणि माणूस गिअरबॉक्स उघडायला निघतो.

‘नवं तेल टाकलं म्हणून जुना गिअरबॉक्स मेला’ ही तक्रार मी पूर्ण खोटी मानत नाही, पण तिचं कारण वेगळं असतं. अनेकदा बॉक्स आधीच घसरत असतो आणि शेवटचा उपाय म्हणून तेल बदललं जातं. शिवाय ड्रेन प्लगमधून सगळं जुनं तेल निघतही नाही, त्याचा बराचसा भाग टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतो. उलट ‘आयुष्यभराचं तेल’ हा शब्दही शब्दशः घेऊ नये. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनीच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षं यांत तेल बदलायला सांगते.

स्कॅनरवर पी०७०० हा बिघाडाचा कोड दिसला म्हणून गिअरबॉक्सचं कोटेशन मागवू नका. गिअरबॉक्सच्या कंट्रोलरने काहीतरी नोंदवलं आहे, एवढंच तो सांगतो. खरा कोड आत असतो आणि स्वस्त स्कॅनरला तो बऱ्याचदा वाचता येत नाही.

गाडी ओढून न्यायची वेळ आली तर फ्लॅटबेडच मागवा. इंजिन बंद असताना बहुतेक ऑटोमॅटिकांचा तेलपंप फिरत नाही आणि रस्त्यावर फिरणारी चाकं आतले भाग कोरडे घासतात. गॅरेजमध्ये पोहोचल्यावर घरी काय काय उघडलं, कुठलं तेल किती ओतलं, हे मेकॅनिकला न लाजता सांगा आणि रिकामे डबेही दाखवा.