सरगमीपासून माउथ ऑर्गनच्या टॅबपर्यंत : गैरसमज आणि वस्तुस्थिती

'शोले'मधली (१९७५) माउथ ऑर्गनची धून भानू गुप्ता यांनी वाजवली होती. त्याआधी १९५८च्या 'सोलवा साल'मध्ये राहुल देव बर्मन यांनी वडिलांच्या संगीत दिग्दर्शनाखाली हेच वाद्य वाजवलं. हे सूर ऐकून वाद्य विकत घेणारे खूप असतात, पण पुढे शिकायचं कुणाकडे, इथे बहुतेकांचं अडतं. बुलढाणा जिल्ह्यात चिखली असो की मेहकर, भजनाच्या निमित्तानं पेटी वाजवणारा, सरगम सांगणारा माणूस सापडतो. माउथ ऑर्गन शिकवणारा सापडेलच असं नाही. अशा वेळी हाती असलेल्या सरगमीचा टॅब करणं हा भरवशाचा मार्ग आहे. कोणत्या घरात फुंकायचं आणि कोणत्या घरातून श्वास ओढायचा, याची ओळीनं केलेली नोंद म्हणजे टॅब. घरच्या संगणकावरच्या साध्या स्प्रेडशीटमध्ये तो तयार होतो. मात्र या कामाबद्दल काही समजुती घट्ट बसल्या आहेत.

गैरसमज १ : आधी पाच रेषांचं पाश्चात्य नोटेशन आलं पाहिजे.

वस्तुस्थिती : टॅबला आपली सरगमच जास्त जवळची आहे. पाश्चात्य नोटेशनमधला स्वर ठरावीक उंचीचा असतो. सरगमीतला सा मात्र गाणारा ठरवतो. कुणाचा पांढरी एक, कुणाचा काळी चार. टॅबचंही तसंच आहे. एकच टॅब 'सी'च्या वाद्यावर वाजवला की चाल पांढरी एकमध्ये येते, 'जी'च्या वाद्यावर पांढरी पाचमध्ये. पंडित विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत शेकडो चिजा स्वरलिपीत दिल्या. त्या लिपीवरून थेट टॅब करता येतो. पाच रेषांचं नोटेशन वापरायचं असेल, तर सुरुवातीला दिलेली तीव्र-कोमल चिन्हं पुढच्या प्रत्येक स्वराला आपण स्वतः लावायची. स्प्रेडशीटला ती आपोआप कळत नाहीत.

गैरसमज २ : प्रत्येक स्वराला एक घर; स्वर आणि घरांचा तक्ता पाठ केला की झालं.

वस्तुस्थिती : दहा घरांच्या डायटॉनिक वाद्यात पूर्ण शुद्ध सप्तक मधेच मिळतं : सा ४ फुंक, रे ४ ओढ, ग ५ फुंक, म ५ ओढ, प ६ फुंक, ध ६ ओढ, नी ७ ओढ, तार सा ७ फुंक. खालच्या सप्तकात म आणि ध सरळ मिळत नाहीत, अगदी वरच्या सप्तकात नी मिळत नाही. उलट मंद्र प दोन ठिकाणी आहे : २ ओढ आणि ३ फुंक. कोणता घ्यायचा हे मागच्या-पुढच्या स्वरांवर आणि श्वासावर ठरतं, म्हणून तक्त्यात दोन्ही पर्याय लिहावेत. शिवाय पहिल्या सहा घरांत ओढलेला स्वर फुंकलेल्यापेक्षा उंच असतो आणि सातव्यापासून हे उलटं होतं. नवशिके नेमके इथेच चुकतात.

गैरसमज ३ : कोमल स्वर आले की डायटॉनिकवर चाल वाजत नाही.

वस्तुस्थिती : इथे मूर्च्छनेची जुनी कल्पना कामी येते. वाद्याचा ग हाच आपला सा माना. आता ५ फुंक, ५ ओढ, ६ फुंक, ६ ओढ, ७ ओढ, ७ फुंक, ८ ओढ, ८ फुंक वाजवलं की भैरवी थाटाचं अख्खं सप्तक मिळतं, एकही स्वर न वाकवता. रे ला सा मानलं की काफी, म ला कल्याण, प ला खमाज, ध ला आसावरी. बिलावल तर मुळातच आहे. म्हणजे भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी सहा या छोट्या वाद्यात बसतात. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी असे बसत नाहीत. त्यांच्यासाठी स्वर वाकवण्याचं तंत्र किंवा बटणाचं क्रोमॅटिक वाद्य लागतं.

स्प्रेडशीटचा खरा उपयोग इथेच आहे. सा = ०, कोमल रे = १, शुद्ध रे = २ असं करत नी = ११ धरा; तार सप्तकाला १२ मिळवा, मंद्रातून १२ वजा करा. एका वेगळ्या चौकटीत 'सा कुठे' हा आकडा ठेवा आणि तो प्रत्येक स्वरात मिळवून तक्त्यातलं घर शोधायला सांगा. तो आकडा ० ते ११ बदलत गेलात की कोणत्या सा वर सर्वांत कमी स्वर अडतात ते दिसतं. भैरवीसाठी तो आकडा ४ येतो. त्यावरून वाद्यही निवडता येतं : काळी एकमध्ये भैरवी गाणाऱ्याला साथ करायची तर 'ए'चं, म्हणजे पांढरी सहाचं वाद्य घ्यावं.

गैरसमज ४ : सूत्र बरोबर असलं की उत्तर बरोबरच येतं.

वस्तुस्थिती : 'नि' आणि 'नी' आपल्याला एकच; संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत. एकच रूप ठरवून शेवटपर्यंत तेच वापरा. फुंकेसाठी अधिक आणि ओढीसाठी उणे चिन्ह लिहिणार असाल, तर चौकट आधी 'टेक्स्ट' करून घ्या. नाहीतर +४ चं नुसतं ४ होतं आणि चिन्ह हरवतं. तक्त्यातलं घर शोधणाऱ्या व्हीलुकअप सूत्रात शेवटी ० लिहायला विसरू नका, नाहीतर तो जवळचा स्वर गुपचूप देऊन टाकतो. न मिळणाऱ्या स्वराखाली 'नाही' असं ठळक दिसू द्या. यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. मोफत मिळणारं लिब्रेऑफिस कॅल्क पुरतं.

गैरसमज ५ : एक टॅब सगळ्या माउथ ऑर्गनना चालतो.

वस्तुस्थिती : वरचे आकडे फक्त दहा घरांच्या डायटॉनिकचे आहेत. ट्रेमोलो वाद्यात प्रत्येक स्वराला किंचित वेगळ्या लावलेल्या दोन पट्ट्या एकदम वाजतात आणि घरांची मांडणी निराळी असते. बारा घरांच्या क्रोमॅटिकमध्ये सहसा ४८ पट्ट्या असतात. बटण दाबलं की स्वर अर्ध्या स्वरानं चढतो. प्रत्येक प्रकाराचा तक्ता स्वतंत्र करावा, गाण्याचं पान तेच ठेवावं.

गैरसमज ६ : टॅब मिळाला म्हणजे गाणं मिळालं.

वस्तुस्थिती : घरांचे आकडे मात्रा सांगत नाहीत. भातखंडे लिपीत सम, खाली आणि विभाग असतात. ते टॅबमध्ये गाळू नका. स्प्रेडशीटची एक चौकट म्हणजे एक मात्रा धरा. तीनतालाला १६, केरव्याला ८, दादऱ्याला ६ चौकटींची ओळ करा आणि वर समेची खूण ठेवा. एका मात्रेत दोन स्वर येत असतील तर मात्रेला दोन रकाने द्या. मींड, कण आणि दम कुठे घ्यायचा हे मात्र कोणतंही सूत्र सांगणार नाही. त्यासाठी मूळ गाणं पुन्हा पुन्हा ऐकावंच लागतं.

सुरुवात पाठ असलेल्या एखाद्या प्रार्थनेपासून करा. टॅब तयार झाला की तो पेटीच्या सुराशी ताडून पाहा आणि कान व कागद यांचं जुळलं नाही, तर कागद दुरुस्त करा. तपासलेलं पान जवळच्या शाळेला, भजनी मंडळाला द्या. शिक्षक मिळत नाही म्हणून एखाद्या मुलानं हातातलं वाद्य खाली ठेवू नये, एवढं काम हे घरगुती कोष्टक नक्की करू शकतं.