हार्ड डिस्कच्या क्लोनची तीस वर्षे

लॅपटॉपची जुनी डिस्क काढून नवी बसवायची आणि तरीही फायली, प्रोग्रॅम, सेटिंग सगळे जिथल्या तिथे मिळायला हवे, ही गरज जुनीच आहे. युनिक्सवर 'डीडी' ही आज्ञा १९७०च्या दशकापासून हे काम करत होती. सामान्य पीसीपर्यंत ही सोय पोचली ती मात्र १९९५नंतर. न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरातल्या बायनरी रिसर्च कंपनीत मरे हॅझर्ड यांनी डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे क्लोन, काढणारा 'घोस्ट' हा प्रोग्रॅम तयार केला आणि १९९८मध्ये तो सिमँटेक कंपनीकडे गेला. त्या काळात क्लोन यशस्वी होई, कारण पीसीचा बायॉस डिस्कचा पहिला सेक्टर वाचून पुढचे काम त्याच्यावर सोपवी. ही डिस्क मूळची की नक्कल, याची चौकशी तो करत नसे. म्हणजे संगणकाचे सर्वस्व डिस्कवर होते आणि डिस्क वापरणाऱ्याच्या ताब्यात. तेव्हापासूनच्या तीस वर्षांकडे पाहिले की एक गोष्ट स्पष्ट दिसते: प्रत काढणे सोपे होत गेले, पण ती प्रत चालेल की नाही हे ठरवणे मालकाच्या हातून निसटत गेले.

सुरुवातीच्या अडचणी तांत्रिक होत्या आणि त्या सुटल्या. विंडोज एक्सपी पहिले पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू करी. सेक्टर ५१२ बाइटचे होते तोवर त्याने काही बिघडत नव्हते. २०१०च्या सुमारास ४०९६ बाइटचे सेक्टर असलेल्या डिस्क बाजारात आल्या आणि ६३ गुणिले ५१२ म्हणजे ३२,२५६ या आकड्याला ४०९६ने भाग जाईना. जुन्या डिस्कचा जसाच्या तसा क्लोन नव्या डिस्कवर घेतला की लिहायचा एक तुकडा दोन सेक्टरांवर पसरे आणि नवी कोरी डिस्क रखडत चाले. विंडोज व्हिस्टापासून पार्टिशन एक एमबीच्या हद्दीवर सुरू होऊ लागले, क्लोनिंगचे प्रोग्रॅमही ही जुळणी आपणहून करू लागले. तैवानमधून आलेले 'क्लोनझिला' तर फुकट आणि मुक्त. ते फाइल सिस्टिम ओळखून फक्त भरलेला भाग उचलते. अज्ञानातून आलेली अडचण अशी ज्ञानाने दूर झाली.

नंतरच्या अडचणी मात्र मुद्दाम घातलेल्या कुलुपांच्या आहेत. २००७मध्ये व्हिस्टाच्या काही आवृत्त्यांत डिस्कचे एन्क्रिप्शन करणारे, म्हणजे किल्लीशिवाय माहिती वाचता येऊ न देणारे, बिटलॉकर आले. विंडोज ११च्या २०२४मधल्या २४एच२ आवृत्तीत नव्याने विंडोज घालताना, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केले की, बहुतेक लॅपटॉपवर डिस्कचे एन्क्रिप्शन आपोआप सुरू होते. अशा डिस्कचा क्लोन दुसऱ्या लॅपटॉपमध्ये लावला की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते, आणि अशी काही की आपल्या खात्यात साठवलेली आहे याचा अनेकांना पत्ताच नसतो. ॲपलची वाट आणखी अरुंद. २०१६च्या टच बारवाल्या मॅकबुक प्रोमध्ये स्टोरेज बोर्डालाच सोल्डर केले गेले. ॲपल सिलिकॉनच्या मॅकमध्ये आतले स्टोरेज बंद पडले, तर बाहेरच्या डिस्कवरचा उत्तम क्लोनही मशीन सुरू करू शकत नाही.

यावर आक्षेप येतो की ही कुलुपे आपल्याच भल्यासाठी आहेत. ते खरेच आहे. लॅपटॉप चोरीला गेला तर एन्क्रिप्शन हेच संरक्षण आणि ते सोडा असे कोणी म्हणू नये. पण घराला कुलूप हवे म्हणून घरमालकाला किल्ली कुठे ठेवली ते सांगायचे नाही, हे कसे पटावे? सोल्डरिंगने तर चोरापासून रक्षण होत नाही. एन्क्रिप्शन काढता येणाऱ्या डिस्कवरही तितकेच पक्के चालते. दुसरा आक्षेप असा की सारे क्लाउडवर असताना क्लोन हवाच कशाला, विंडोज नव्याने घालावे. ज्याचे काम ब्राउझरमध्ये चालते त्याच्यापुरते हे ठीक. पण मराठी डीटीपीचे उदाहरण घ्या. पेजमेकरमध्ये, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेली पुस्तके पुन्हा छापायची, तर नुसती फाइल पुरत नाही; तोच फॉन्ट, तीच आवृत्ती, तोच कीबोर्ड लागतो आणि इन्स्टॉलेशनची सीडी केव्हाच गहाळ झालेली असते. तिथे चालू स्थितीतली अख्खी डिस्क हाच ठेवा असतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: क्लोन म्हणजे बॅकअप नव्हे. व्हायरस, खराब फाइल, चुकीचे सेटिंग, सगळे त्यात इमानेइतबारे उतरते. त्यामुळे वेगळा, नियमित बॅकअप लागतोच. पण बॅकअप माहिती जपतो, तर क्लोन चालते मशीन जपतो, आणि दोन्हींची गरज वेगवेगळ्या दिवशी पडते. म्हणून मागणी साधी असावी. लॅपटॉपचे स्टोरेज स्क्रू काढून बदलता यावे, आणि एन्क्रिप्शन सुरू होतानाच रिकव्हरी की मालकासमोर ठेवून ती कागदावर उतरवून घ्यायला सांगावे. यातले एकही तंत्र नव्याने शोधायचे नाही. विकणाऱ्याची तयारी आणि घेणाऱ्याचा आग्रह तेवढा हवा.