'आम्ही' आणि 'आपण' : विजोड सहप्रवाशांच्या विनोदाचे व्याकरण

विनोदाचा विचार आपल्याकडे बहुधा रसचर्चेच्या अंगाने होतो. हास्यरसाचे विभाव कोणते, विसंगती म्हणजे काय, उपहास आणि परिहास यांत भेद कोणता, हे प्रश्न अभ्यासकांच्या परिचयाचे आहेत. विनोदाच्या एखाद्या प्रकाराच्या मुळाशी भाषेचे एखादे लहानसे व्याकरणिक अंग असू शकते, या शक्यतेकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. प्रस्तुत लेखात अशाच एका प्रकाराचा विचार करावयाचा आहे. स्वभावाने, संस्काराने आणि बोलीने परस्परांशी न जुळणारे शेजारी एकत्र प्रवासास निघतात आणि त्यातून हास्य निर्माण होते, तो हा प्रकार होय.

या प्रकाराचे दोन घटक ब्रिटिश दूरचित्रवाणीवर वेगवेगळे पाहावयास मिळतात. 'द गुड लाइफ' (१९७५–७८) या बीबीसीच्या मालिकेत शेजारी आहेत, पण प्रवास नाही. एक दांपत्य उपनगरातील अंगणात शेती करू लागते आणि कुंपणापलीकडच्या प्रतिष्ठित दांपत्याची पंचाईत होते. 'ड्यूटी फ्री' (१९८४–८६) या मालिकेत प्रवास आहे, पण शेजार नाही. भिन्न सामाजिक थरांतील दोन जोडपी स्पेनमध्ये सुट्टीवर असताना एकमेकांच्या वाट्यास येतात. दोन्हीकडे हास्याचा मुख्य आधार वर्गभेद हा आहे, आणि इंग्रजी समाजात तो माणसाच्या उच्चारावरून तत्काळ ओळखू येतो.

हे दोन्ही घटक एकत्र आणणारे मराठीतील ठळक उदाहरण म्हणजे पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) या पुस्तकातील 'भ्रमणमंडळ' होय. गिरगावातील साठ बिऱ्हाडांच्या चाळीतले रहिवासी मंडळ स्थापून पुण्याच्या सफरीस निघतात. चाळीत ही माणसे रोज भांडतात, तरी त्यांचे निभते, कारण प्रत्येकाच्या खोलीला दार आहे. प्रवासात दार नसते. जे भांडण घरी दार लावून संपले असते, ते गाडीच्या डब्यात संपण्यास जागाच उरत नाही. मग ते शब्दांतूनच मिटवावे लागते, आणि येथे भाषेचा संबंध येतो.

प्रथमपुरुषी अनेकवचनासाठी मराठीत दोन सर्वनामे आहेत. 'आम्ही' म्हणताना ऐकणारा वगळला जातो, 'आपण' म्हणताना तो सामावला जातो. 'आम्ही धुळ्याला चाललो' आणि 'आपण धुळ्याला चाललो' या दोन वाक्यांत श्रोत्याच्या तिकिटाचा प्रश्न गुंतलेला आहे! गुजरातीत 'अमे' आणि 'आपणे' असा हाच भेद आहे. इंग्रजीत किंवा प्रमाण हिंदीत तो सर्वनामाने दाखविता येत नाही. विजोड सहप्रवाशांची कथा ही मूलतः 'आम्ही'कडून 'आपण'कडे होणाऱ्या वाटचालीची कथा असते, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. मराठी भाषकाला ती वाटचाल सर्वनामांतूनच ऐकू येते.

परंतु 'आपण' हा शब्द दिसतो तितका सरळ नाही. श्रोत्याला सर्वांत जवळ घेणारे सर्वनाम जसे 'आपण', तसेच त्याला आदरपूर्वक सर्वांत दूर ठेवणारे सर्वनामही 'आपण'च. बहुतेक वेळा क्रियापद खुलासा करते. 'आपण सरकता का?' यातील 'आपण' द्वितीयपुरुषी आदरार्थी, तर 'आपण सरकू या' यातील प्रथमपुरुषी. मात्र 'आपण जरा सरकून बसावे' अशी विध्यर्थी भावे रचना केली की क्रियापद पुरुषाची खूण दाखवीत नाही, आणि दोन्ही अर्थ शक्य होतात.

हे सूक्ष्म वाटणारे तत्त्व प्रत्यक्ष व्यवहारात कसे प्रकट होते, याचा अनुभव प्रस्तुत लेखकास जळगाव–धुळे मार्गावर आला. जळगावातील एका वसाहतीतील शेजारी एका विवाहासाठी भाड्याच्या लहान बसने धुळ्यास निघाले होते. त्यांत लेवा गणबोली बोलणारे एक कुटुंब होते, धुळ्याकडील अहिराणी भाषक कुटुंब होते, आणि प्रमाण मराठीचा कटाक्ष बाळगणारे एक निवृत्त शिक्षक होते. खानदेशातील हे बोलीवैविध्य अभ्यासकांना नवे नाही. ग्रिअर्सन यांनी आपल्या सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) खानदेशीची नोंद भिल्ल भाषांच्या सोबत केली, आणि तिचे नाते मराठीशी किती व गुजरातीशी किती, हा वाद तेव्हापासून चालू आहे. लेवा बोलीत 'ळ'च्या जागी 'य' येतो. 'पोळी' ही 'पोयी' होते आणि 'केळी' ही 'केयी'. अहिराणीत 'आमचा' ऐवजी 'आमना' आणि 'आहे' ऐवजी 'शे' असे रूप आढळते.

एरंडोल येईपर्यंत बसमध्ये 'आम्ही'चेच राज्य होते. 'आमच्या कयन्याच्या भाकरी' एका पिशवीत, 'हाऊ डबा आमना शे' म्हणून दुसरा डबा मांडीवर, आणि 'आमचे आसन खिडकीचे ठरले होते' ही शिक्षकांची तक्रार. अखेर त्यांनी शेजारच्या अहिराणी भाषक बाईंना अत्यंत थंड सौजन्याने म्हटले, "आपण जरा सरकून बसावे." त्यांचा 'आपण' आदरार्थी होता, आणि त्या आदरात नाराजी भरलेली होती. बाईंनी तो समावेशक समजून प्रसन्नपणे उत्तर दिले, "आपन समदाच सरकूत ना मग!" आणि खरोखरच सारी रांग सरकली. शिक्षकांना खिडकी मिळाली नाहीच, उलट मांडीवर डबा मात्र आला.

पारोळ्यास चहापाणी झाले व बस सुटली. दोन मिनिटांतच त्याच बाई ओरडल्या, "थांबाडा! आपला एक जन ऱ्हाई गया!" राहिले होते ते शिक्षकच. येथे 'आमना' नव्हे, 'आपला' आले, याची नोंद घ्यावी. बस मागे आली, शिक्षक घामाघूम होऊन चढले, आणि जागेवर बसत म्हणाले, "चला, आपण निघू या." या वेळी क्रियापद पुरेसे स्पष्ट होते. सर्वजण हसले, आणि त्या हसण्यात ते स्वतःही होते.

या प्रसंगातून निष्पन्न होणारा मुद्दा केवळ करमणुकीचा नाही. बोलीवर आधारलेल्या विनोदाकडे आपण पुष्कळदा संशयाने पाहतो, आणि त्याला कारणही आहे. रंगमंचावर गावंढळ नोकराच्या तोंडी बोली घालून शहरी प्रेक्षकांना हसविण्याची प्रथा जुनी आहे. आपल्याच वर्गांतील विद्यार्थी घरी अहिराणी बोलतात आणि प्राध्यापकांसमोर ती लपवितात, यामागे त्या हसण्याची भीती आहे. ज्या विनोदात बोली बोलणारा शेवटपर्यंत 'ते'च राहतो, तो उपहास होय. ज्यात हसणारा आणि हसविला जाणारा शेवटी एका 'आपण'मध्ये येतात, तो परिहास.

लक्ष्मण देशपांडे यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगाला या दृष्टीने महत्त्व आहे. मराठवाड्यातील खेड्याचे वऱ्हाड विमानाने लंडनला जाते आणि आपली बोली घरी ठेवून जात नाही. बावन्न पात्रे एकाच नटाच्या कंठातून बोलतात. वेशभूषा बदलण्यास तेथे फारसा वाव नाही, म्हणून पात्रापात्रांतील भेद मुख्यतः उच्चार, लकब आणि संबोधन यांवरच उभा राहतो. पु. लं.नी 'चाळ' १९६१ मध्ये रंगमंचावर आणली, तीही एकपात्रीच. विजोड माणसांची मोट एका कंठात बांधणे हे एक प्रकारे 'आपण'चेच रूप मानता येईल.

आपल्या विभागातील संशोधक विद्यार्थ्यांस येथे एक सोपे पण उपेक्षित कार्यक्षेत्र उपलब्ध आहे. बोलीचे नमुने आपण आजवर बहुधा एकेकट्या निवेदकाकडून, त्याच्या घरी बसून गोळा केले. बोली जेथे दुसऱ्या बोलीशी जागेसाठी, डब्यासाठी आणि खिडकीसाठी झगडते, त्या बसमध्ये सहप्रवाशांच्या संमतीने ध्वनिमुद्रण करावे. 'आमना' कोठे संपला आणि 'आपला' कोठे सुरू झाला, याची मैलाच्या दगडांसह नोंद ठेवावी. जळगावहून धुळे सुमारे नव्वद किलोमीटर आहे. आमच्या त्या प्रवासात हे अंतर पारोळ्यापाशी तुटले होते.