पक्ष नाही, बहुमत नाही, तरीही सरकार!

नोव्हेंबर २०१९ मधलं ते ८० तासांचं सरकार आठवतंय? सकाळी उठून मोबाइल बघितला तर शपथविधी आटोपलेला. त्यावरचे मीम्स अजूनही कुणाच्या ना कुणाच्या स्टेटसला दिसतात. पण अल्पायुषी सरकारांची ही गोष्ट आपल्या भागात बरीच जुनी आहे. तुमच्या पणजोबांच्या काळात भंडारा जिल्ह्यावर साडेतीन महिने अशा सरकारचा कारभार होता, ज्याच्यामागे ना पक्ष होता ना बहुमत. मग ते आलं कुठून?

राजधानी वेगळी, प्रांतही वेगळा

आधी नकाशा बदला. तेव्हा महाराष्ट्र नव्हता. भंडारा होता 'मध्यप्रांत आणि वऱ्हाड' या प्रांतात, आणि राजधानी नागपूर. गोंदियाही भंडाऱ्यातच होतं. तो वेगळा जिल्हा झाला १९९९ मध्ये. गावात शब्द चालायचा मालगुजाराचा. आज आपण ज्यांना मामा तलाव म्हणतो, ते याच मालगुजारी काळातले.

१९१९ च्या कायद्याने प्रांतात पहिल्यांदा मंत्री आले. पण वाटणी मजेशीर होती. शिक्षण, आरोग्य, शेती ही खाती मंत्र्यांकडे. पोलीस, महसूल आणि तिजोरीची किल्ली गव्हर्नरच्या माणसांकडे. म्हणजे शाळा काढा, पण पैसे आमच्याकडे मागा! १९२० च्या निवडणुकीवर काँग्रेसने बहिष्कार टाकला होता. त्यामुळे एन. के. केळकर आणि एस. एम. चिटणवीस हे पहिले मंत्री कुठल्या पक्षाचे म्हणून नाही, तर प्रतिष्ठित गृहस्थ म्हणून खुर्चीवर बसले. पक्षादेश, व्हीप, जाहीरनामा ही भानगडच नव्हती.

पगार : वर्षाला दोन रुपये

१९२३ मध्ये चित्र पालटलं. कौन्सिलात शिरून सरकारची कोंडी करायची, असं ठरवून स्वराज्य पक्ष निवडणुकीत उतरला. देशात फक्त आपल्या मध्यप्रांतात त्याला स्पष्ट बहुमत मिळालं. मग १९२४ मध्ये स्वराज्यवाल्यांनी मंत्र्यांचा पगारच कापला. किती केला? वर्षाला दोन रुपये! मंत्र्यांनी घरी जाणं पसंत केलं आणि त्यांची खाती गव्हर्नरने आपल्या हातात घेतली.

या स्वराज्यवाल्यांच्या पुढाऱ्यांत बिलासपूरचे बॅरिस्टर ई. राघवेंद्रराव होते. नाव लक्षात ठेवा. पुढे ते स्वतः मंत्री झाले आणि १९३६ मध्ये काही महिने तर हंगामी गव्हर्नरसुद्धा.

१ एप्रिल १९३७

१९३५ च्या नव्या कायद्याने प्रांताचा सगळा कारभार मंत्रिमंडळाकडे द्यायचं ठरलं. १९३७ च्या सुरुवातीला निवडणूक झाली. मतदान सगळ्यांना नव्हतं. मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांपैकी काहीतरी हवं. देशात साधारण सात माणसांत एकाला मत. नागपूरच्या विधानसभेत ११२ जागा होत्या; त्यातल्या सत्तरच्या आसपास काँग्रेसने जिंकल्या.

सरळ गणित आहे ना? पण काँग्रेसने अट घातली : गव्हर्नर आपले खास अधिकार वापरून मंत्र्यांच्या कामात ढवळाढवळ करणार नाही, असं आश्वासन द्या. गव्हर्नरांनी नकार दिला आणि काँग्रेसनेही खुर्ची नाकारली. कायदा तर १ एप्रिलपासून लागू होणार. मंत्री हवेतच. मग गव्हर्नर सर हाइड गोवन यांनी बोलावलं कुणाला? राघवेंद्ररावांना! ज्यांच्या पक्षाने एकेकाळी बहुमताच्या जोरावर मंत्र्यांना घरी पाठवलं, तेच आता बहुमताशिवाय प्रांताचे 'पंतप्रधान' झाले. (हो, मुख्यमंत्र्याला तेव्हा हेच म्हणत.)

एकटं नागपूरच नाही, काँग्रेसने जिंकलेल्या सहाही प्रांतांत अशी हंगामी मंत्रिमंडळं बसली. मुंबईत साताऱ्याचे धनजीशा कूपर होते. या सगळ्यांची अडचण एकच : विधानसभेचं अधिवेशन बोलावलं की खेळ खल्लास.

जूनमध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी जरा मवाळ भाषा वापरली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात काँग्रेस कार्यकारिणी आपल्या शेजारच्या वर्ध्यात बसली आणि सत्ता घ्यायचं ठरलं. १४ जुलैला डॉ. ना. भा. खरे यांचं मंत्रिमंडळ आलं. राघवेंद्ररावांचा कारभार संपला.

मग पक्ष आला आणि सगळं सुरळीत झालं?

छे! वर्षभरातच खऱ्यांचं आपल्याच सहकाऱ्यांशी बिनसलं. जुलै १९३८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, नको असलेले मंत्री वगळून नवं मंत्रिमंडळ बनवलं. काँग्रेसश्रेष्ठी भडकले आणि ते सरकार जेमतेम तीन दिवसांत गेलं. रविशंकर शुक्ल आले. विधानसभेत कुणी कुणाला हरवलं नव्हतं. निर्णय झाला पक्षाच्या बैठकीत.

इथे थांबून जरा विचार करा. पक्ष नव्हता तेव्हा मंत्री गव्हर्नरच्या मर्जीवर. पक्ष आला तेव्हा श्रेष्ठींच्या मर्जीवर. आणि ज्याने मत दिलं तो? तो दोन्ही वेळा बाहेर उभा. म्हणून 'सगळे पक्ष सारखेच, पक्षच नकोत' असं कट्ट्यावर म्हणणं सोपं असलं, तरी १९३७ चा अनुभव सांगतो की पक्ष काढून टाकले म्हणून सत्ता आपोआप आपल्या हातात येत नाही. ती दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाते. मात्र पक्ष असतो तेव्हा निदान जाब विचारायला एक नाव असतं, एक चिन्ह असतं, एक जाहीरनामा असतो. राघवेंद्ररावांच्या सरकारला विचारणार तरी काय? त्यांनी कुणाला काही वचनच दिलं नव्हतं.

पटत नसेल तर गावाकडे बघा. आपल्या ग्रामपंचायतीची निवडणूक आजही पक्षाच्या चिन्हावर होत नाही. पण पॅनल असतंच, आणि पॅनलच्या मागे कोण आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. फरक एवढाच की कागदावर कुणीच जबाबदार नसतं.

तुमच्यापैकी अनेकांचं पहिलं मत अजून व्हायचंय. साखरपुड्यापासून सातबाऱ्यापर्यंत आपण दहा जणांना विचारतो, तसंच मत मागायला आलेल्यालाही एक प्रश्न विचारा : तुम्ही निवडून आलात तर तुमचा जाब कोण घेणार? उत्तरात तुमचं, म्हणजे मतदाराचं, नाव कितव्या नंबरवर येतं ते मोजा. १९३७ मध्ये सातांतल्या सहा जणांना हा प्रश्न विचारायची सोयच नव्हती. तुम्हाला आहे.