केनियाची सफारी : निघण्याआधी आणि परतल्यानंतर

‘सफारी’ या शब्दाचा स्वाहिली भाषेतील मूळ अर्थ केवळ ‘प्रवास’ एवढाच असून, तो अरबीतील ज्या ‘सफर’ या शब्दापासून घडला, तो शब्द मराठीतही फार पूर्वीपासून रुळलेला आहे. वन्यप्राणी पाहण्याची सहल हा अर्थ त्याला पुढे चिकटला आणि आज केनियाचे नाव निघताच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उघड्या छताची जीप व गवतात पहुडलेला सिंह उभा राहतो. मात्र मसाई मारासारख्या राखीव क्षेत्रातील चार-पाच दिवस नीट पदरात पडायचे असतील, तर हा प्रवास विमानात बसण्याच्या कित्येक आठवडे आधी सुरू होतो आणि घरी परतल्यानंतरही काही महिने चालू राहतो, हे ध्यानात ठेवूनच त्याची आखणी करावी लागते.

या आखणीतील पहिला प्रश्न महिन्याचा असतो. विषुववृत्त केनियाच्या मधून जात असल्यामुळे तेथे उन्हाळा-हिवाळा असा ठळक भेद नाही. वर्षाची विभागणी पावसावरून होते. मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा आणि नोव्हेंबर-डिसेंबर हा छोट्या पावसाचा काळ मानला जातो. पावसाच्या मागोमाग उगवणाऱ्या ताज्या गवतासाठी दहा लाखांहून अधिक वाइल्डबीस्ट, म्हणजे गायीसारख्या अंगलटीची मोठी कुरंगे, लाखो झेब्र्यांसह टांझानियातील सेरेंगेटी आणि केनियातील मारा यांच्यामध्ये वर्षभर फिरत राहतात. साधारणतः जुलै ते ऑक्टोबर या काळात हे कळप माराच्या बाजूला असतात. मगरींनी भरलेली मारा नदी ते ओलांडतात ते दृश्य पाहण्यासाठी याच काळात गर्दी उसळते. पण ते कोणत्या दिवशी आणि कोणत्या घाटावर उतरतील हे कोणताही वाटाड्या छातीठोकपणे सांगू शकत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत कळप दक्षिणेकडे गेलेले असले, तरी सिंह, हत्ती, जिराफ आणि चित्ते माराच्याच परिसरात असतात, गाड्यांची वर्दळही तुलनेने कमी असते. त्यामुळे केवळ नदीच्या दृश्याचा आग्रह नसेल, तर तेही दिवस सोयीचे ठरतात.

तारीख ठरली की लगेच हाती घ्यावयाची गोष्ट म्हणजे पीतज्वराची लस. पीतज्वर हा डासांमार्फत पसरणारा विषाणुजन्य रोग असून गंभीर अवस्थेत त्यात कावीळ होते, म्हणून त्याला हे नाव पडले. त्याचा प्रसार करणारा एडिस इजिप्ती हा डास म्हणजे आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा तोच डास होय. डास भारतभर आहे, विषाणू मात्र भारतात नाही. तो एखाद्या बाधित प्रवाशाच्या रक्तातून येथे पोहोचला, तर त्याला पसरायला वाहक तयारच आहे. लसीकरणाच्या प्रमाणपत्राविषयीचा भारत सरकारचा नियम म्हणूनच कडक आहे. अनेकांना वाटते की हे प्रमाणपत्र केनियात शिरताना लागते. वस्तुतः भारतीय प्रवाशाला त्याची खरी गरज मायदेशी परतताना पडते. प्रमाणपत्र नसल्यास त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते, कारण संसर्गानंतर लक्षणे दिसण्यास साधारणतः तीन ते सहा दिवस लागतात. लस सरकारने मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांवरच मिळते, प्रमाणपत्र लसीनंतर दहा दिवसांनी लागू होते आणि २०१६पासून ते आयुष्यभरासाठी वैध मानले जाते. ही जिवंत पण क्षीण केलेल्या विषाणूची लस कोंबडीच्या अंड्यात वाढवली जात असल्यामुळे अंड्याची तीव्र ॲलर्जी असणारे, प्रतिकारशक्ती खालावलेले, गर्भवती आणि साठीच्या पुढचे प्रवासी यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक आहे.

हिवतापाचे, म्हणजे मलेरियाचे, गणित याहून वेगळे आहे. त्याच्यासाठी पर्यटकाला लस दिली जात नाही. प्रतिबंधक गोळ्या घ्याव्या लागतात आणि त्या प्रवास संपल्यानंतरही चालू ठेवाव्या लागतात. ॲटोव्हाक्वोन व प्रोग्वानिल यांची संयुक्त गोळी निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस घेतात, तर डॉक्सिसायक्लिन परतल्यावर चार आठवडे घ्यावी लागते. कोणते औषध कोणाला मानवेल हे वय, इतर आजार आणि चालू औषधे पाहून डॉक्टरच ठरवू शकतात. त्यामुळे निघण्यापूर्वी किमान चार ते सहा आठवडे त्यांची भेट घ्यावी. हिवतापाचा ॲनाफिलीस डास तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत चावतो, म्हणून त्या वेळी लांब बाह्यांचे कपडे, मच्छरदाणी आणि डीट हा घटक असलेले डासरोधक या साध्या उपायांना गोळ्यांइतकेच महत्त्व आहे. दिवसा सनस्क्रीनही वापरायचे असेल, तर आधी सनस्क्रीन आणि त्यावर डासरोधक हा क्रम पाळतात.

कपड्यांच्या बाबतीत विषुववृत्त हा शब्द हमखास फसवतो. माराचे पठार समुद्रसपाटीपासून साधारणतः १,५०० ते २,१०० मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही वर आहे. सूर्योदयाच्या सुमारास उघड्या छताच्या गाडीत वारा अंगाला झोंबतो आणि दुपारी तेच ऊन चटके देते. म्हणून एकच जाड कोट नेण्यापेक्षा एकावर एक घालता-काढता येतील असे पातळ कपडे, कानटोपी आणि रुंद काठाची टोपी सोबत असावी. रंग मातकट, खाकी किंवा फिकट हिरवे घ्यावेत. गडद निळ्या व काळ्या रंगाकडे त्सेत्से माशी आकर्षित होते आणि तिचा चावा कपड्यातूनही बसतो. लष्करी ठिपक्यांचे कपडे मात्र घरीच ठेवावेत, कारण आफ्रिकेतील अनेक देशांत नागरिकांना ते घालण्यास मनाई आहे.

सामान बांधताना आणखी काही नियम माहीत असावे लागतात. केनियाने २०१७मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आणि जून २०२०पासून राष्ट्रीय उद्यानांसह संरक्षित क्षेत्रांत एकदाच वापरून फेकावयाच्या प्लास्टिकला, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांनाही, मज्जाव केला. त्यामुळे फराळ डब्यांत किंवा कापडी पिशव्यांत भरावा आणि पाण्यासाठी धातूची बाटली न्यावी. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने माराला जाणाऱ्यांना हातातील सामान धरून साधारणतः १५ किलोचीच मुभा असते आणि तेही मऊ बॅगेत लागते, कारण विमानाच्या अरुंद कप्प्यात कडक सूटकेस बसत नाही. विजेचे सॉकेट ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी तीन पिनांचे असल्याने ॲडॉप्टर विसरू नये. प्रवेशासाठी व्हिसाऐवजी जानेवारी २०२४पासून ऑनलाइन प्रवासपरवाना घ्यावा लागतो आणि तो निघण्यापूर्वीच हाती असावा लागतो.

कॅमेऱ्यावर लाख-दीड लाख खर्च करणारे अनेक जण दुर्बीण मात्र नेत नाहीत, आणि नेली तर जास्तीत जास्त मोठे करून दाखवणारी निवडतात. दुर्बिणीवर ‘८ × ४२’ असे लिहिलेले असते, त्यातील पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसेल ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटर. प्राण्यांची लगबग असते ती झुंजुमुंजूला आणि संधिप्रकाशात, आणि अशा अंधुक वेळी डोळ्याची बाहुली विस्फारलेली असल्यामुळे हा जाड झोत उपयोगी पडतो. शिवाय पट वाढली की हाताचा कंपही तितक्याच पट वाढतो, म्हणून सहलीसाठी आठपटीची दुर्बीण बहुतेकांना पुरते. कॅमेऱ्याच्या लांब भिंगाला टेकू म्हणून तिवईऐवजी कापडी थैली वापरतात; ती जाताना रिकामी न्यायची आणि तेथे तांदूळ किंवा कडधान्य भरून गाडीच्या कडेवर ठेवायची, म्हणजे वजनही वाचते आणि इंजिन बंद असताना कॅमेरा स्थिर राहतो.

ही सगळी तयारी झाली तरी एक तयारी मनाची उरते. केनियाने १९७७मध्ये शिकारीवर बंदी घातली. आता तेथील प्राण्यांच्या वाट्याला कॅमेऱ्यांचा वेढा येतो, आणि तोही निरुपद्रवी नसतो. चित्ता प्रामुख्याने दिवसा शिकार करतो, त्यामुळे गाड्यांच्या गराड्याचा सर्वांत मोठा फटका त्यालाच बसतो. मारामध्ये झालेल्या आणि २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पर्यटकांची गर्दी कमी असलेल्या भागात चित्त्याच्या मादीची दर वेतामागे सरासरी २.३ पिल्ले स्वावलंबी होण्याइतकी वाढली, तर गर्दीच्या भागात हीच सरासरी ०.२ इतकी खाली आली. चालकाला ‘अजून थोडे पुढे घ्या’ म्हणणारा, बक्षिसीचे आमिष दाखवून गाडी रस्ता सोडून गवतात घालायला लावणारा पर्यटक या आकड्यात सामील असतो. सहलीचे आरक्षण करतानाच एका गाडीत किती माणसे असतील आणि चालक अंतराचे नियम पाळतो का, हे विचारणे ही औषधांइतकीच महत्त्वाची चौकशी आहे.

प्रवासाचा शेवटचा टप्पा घरी येऊन पडतो. हिवतापाचा परजीवी काही काळ यकृतात राहून मग रक्तात उतरतो, त्यामुळे ताप लगेच येईलच असे नाही. गोळ्या नियमित घेतल्या तरी तो पूर्णपणे टळतो असेही नाही. परतल्यानंतर तीन महिन्यांत, क्वचित वर्षभरातही, ताप आल्यास तो ‘हवा बदलल्यामुळे’ असेल म्हणून अंगावर काढू नये. त्याच दिवशी रक्ताची तपासणी करून घ्यावी आणि दवाखान्यात शिरताच डॉक्टरांना सांगावयाचे पहिले वाक्य एवढेच असावे, की अमुक तारखेपर्यंत मुक्काम केनियात होता.