गर्भाची संमति

सन २०१८ च्या नोव्हेंबरांत हे जियानकुई ह्या चिनी शास्त्रज्ञानें जाहीर केलें कीं, क्रिस्पर नामक जनुक-कर्तरीनें भ्रूणावस्थेंतच फेरफार केलेल्या जुळ्या मुली जन्मास आल्या आहेत. पित्यास एच्. आय्. व्ही. ची बाधा होती. ती मुलींस कधींहि होऊं नये, हा हेतु सांगण्यांत आला. परंतु पित्याकडून येणारी बाधा शुक्राणु धुऊन घेण्याच्या जुन्या उपायानेंहि टळत होती! शिवाय योजिलेला बदल जसाच्या तसा उतरला नाहीं, आणि जो उतरला तो मुलींच्या संततींतहि जाऊं शकतो. २०१९ सालीं त्या गृहस्थास तीन वर्षांची कैद झाली.

आम्ही ह्या विद्येचे वैरी नव्हों. २०२३ सालीं ब्रिटननें सिकलसेल ह्या रक्तरोगावर त्याच कर्तरीचा उपचार मान्य केला. आमच्या विदर्भांतील कित्येक आदिवासी कुटुंबें ह्या रोगानें गांजलेलीं आहेत. ह्या उपचारांत रोग्याच्याच रक्तपेशींचें मूळ काढून, सुधारून, त्यास परत देतात. त्याची संमति घेतां येते, आणि तो बदल त्याच्या देहाबरोबरच संपतो. गर्भास कोण विचारणार? स्थळें पाहतांना वर्ण व उंची मोजणारीं आमचीं घरें हें शस्त्र हातीं आल्यावर केवळ रोगापाशीं थांबतील, असा भरंवसा आम्हांस तरी वाटत नाहीं.