भोपाळचा वायू आणि अणूंची मांडणी

2 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला व हजारो माणसे मृत्युमुखी पडली. कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन व ऑक्सिजन ही ह्या विषाची चारच मूलद्रव्ये होत. ज्वारीच्या दाण्यातील व मनुष्यदेहातील प्रथिनेही प्रामुख्याने ह्याच चौघांची बनलेली असतात. मग एक अन्न व दुसरे विष, असे का? ह्याचे उत्तर अणूच्या रचनेत आहे.

अणू व आवर्त सारणी

अणूच्या मध्यभागी केंद्रक असून त्यात धनभारित प्रोटॉन व भाररहित न्यूट्रॉन असतात. केंद्रकाभोवती निरनिराळ्या कक्षांत ऋणभारित इलेक्ट्रॉन असतात. प्रोटॉनांची संख्या म्हणजे अणुक्रमांक. रशियन शास्त्रज्ञ मेंडेलीव्ह याने 1869 मध्ये मूलद्रव्ये अणुभारानुसार मांडली. आजच्या सारणीत 118 मूलद्रव्ये अणुक्रमांकानुसार मांडलेली आहेत.

कार्बन (6), नायट्रोजन (7) व ऑक्सिजन (8) हे सारणीतील शेजारी होत. त्यांच्या बाह्य कक्षेत अनुक्रमे 4, 5 व 6 इलेक्ट्रॉन असतात. आठाची संख्या पुरी करण्यासाठी त्यांना 4, 3 व 2 बंध जोडावे लागतात. हायड्रोजनला एकच पुरतो. हे बंध म्हणजे जणू अणूंचे हात होत.

एकाच घटकांची निराळी गुंफण

मिथिल आयसोसायनेटच्या रेणूत एका कार्बनला तीन हायड्रोजन व एक नायट्रोजन जोडलेला असतो. नायट्रोजनने उरलेल्या दोन हातांनी दुसरा कार्बन धरलेला असतो व त्या कार्बनने ऑक्सिजन. नायट्रोजन व ऑक्सिजन दोन्ही बाजूंनी इलेक्ट्रॉन ओढून घेत असल्याने हा मधला कार्बन पाण्याशी व शरीरातील ओलसर पेशींशी तत्काळ संयोग पावतो. डोळे व फुप्फुसे होरपळतात ती ह्यामुळे. भोपाळच्या टाकीत पाणी शिरताच प्रचंड उष्णता व कार्बन डायऑक्साइड निर्माण झाला, दाब वाढला आणि वायू बाहेर पडला.

सारणीतील आकड्यांचा उपयोग

दोन कार्बनचे 24, तीन हायड्रोजनचे 3, नायट्रोजनचे 14 व ऑक्सिजनचे 16 मिळून ह्या वायूचा रेणुभार 57 होतो. हवेचा सरासरी रेणुभार सुमारे 29 आहे. म्हणजेच हा वायू हवेच्या जवळजवळ दुप्पट जड. म्हणून तो जमिनीलगत पसरून झोपड्यांत शिरला. अशा जड वायूची गळती झाल्यास सखल जागेत थांबू नये, नाकातोंडावर ओले फडके धरावे व वाऱ्याला आडव्या दिशेने दूर जावे.

ह्या कारखान्यातील 337 टन विषारी कचरा 2025 मध्ये पीथमपूर येथे जाळण्यात आला. जाळल्याने रेणू मोडतात, अणू मात्र नाहीसे होत नाहीत. कचऱ्यात पारा वा शिसे असल्यास ते राखेत किंवा धुरात उतरते. म्हणूनच कोणताही रासायनिक कचरा जाळताना धूर गाळणे व राख पाण्यापासून सुरक्षित ठेवणे अगत्याचे असते.